पिन कशी तुटली

माझी आत्या देशाच्या अपघात तपास संस्थेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती. विमान पडलं, आगगाडी घसरली, बोट उलटली, की तुटलेले भाग तिच्या टेबलावर यायचे. शिक्षा देणं कोर्टाचं काम. या लोकांनी एवढंच शोधायचं की झालं कसं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. आत्याच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की घरात कप फुटला आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बोटं दाखवायला लागलो, की ती म्हणायची, "कोणी फोडला ते राहू दे. फुटला कसा ते सांगा." आम्हाला हे फार सोयीचं होतं. आईला अजिबात नव्हतं.

ती काही मोठी इंजिनियर नव्हती. लेथ चालवायला म्हणून लागली आणि धातू वाचायला तिथेच शिकली.

एका वर्षी वीस आसनांचं छोटं विमान उतरताना चाकाचा पाय मुडपून कोसळलं. तीन माणसं गेली. दोन दिवसांत पेपरांनी निकाल लावून टाकला: आदल्या आठवड्यात त्याच चाकाची तपासणी करून सही करणारा मेकॅनिक दोषी. फोटोसुद्धा छापला. कंपनीने त्याला घरी बसवलं.

आत्याच्या टेबलावर त्या चाकाची पिन आली. अंगठ्याएवढी जाड, मधोमध तुटलेली. नवे संचालक बघायला आले आणि दोन तुकडे उचलून सहज जुळवायला लागले. आत्याने त्यांचं मनगटच धरलं.

"जोडू नका साहेब! तुटलेल्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असतं. घासलं की पुसलं."

साहेबांनी अंडी ठेवावीत तसे तुकडे खाली ठेवले आणि मुद्द्यावर आले. "वरून फोनवर फोन येताहेत. मेकॅनिकची चूक दिसते, एवढं तरी आज सांगता येईल?"

"आज एवढंच सांगता येईल की पिन तुटलीय. कारण हवं असेल तर बारा दिवस द्या."

साहेब हसले नाहीत, पण दिवस दिले.

सूक्ष्मदर्शकाखाली तिला सापडला रंगाच्या थराखालचा गंजाचा खळगा, मोहरीहून लहान. तिथून भेग निघाली होती आणि विमान उतरेल तशी कणाकणाने आत सरकत गेली होती. कंपनीच्या नियमपुस्तकात पिन बाहेरून बॅटरीच्या उजेडात बघायला सांगितलं होतं. तशी ती भेग कोणालाच दिसली नसती.

पण शेजारच्या सांध्यातलं ग्रीस सुकून खडखडीत झालं होतं, आणि नोंदवहीत मात्र मेकॅनिकने 'ग्रीस भरलं' असं लिहिलं होतं. अपघाताशी त्याचा संबंध नव्हता. आत्याने तेही लिहिलं.

"तो बिचारा आधीच अर्धमेला झालाय, कशाला?" सहकारी म्हणाला.

"हे लपवलं, तर त्याच्या बाजूचं जे लिहिलंय ते तरी कोण खरं मानेल?"

अहवाल आल्यावर मेकॅनिक बायकोला घेऊन भेटायला आला. "बाई, तुम्ही मला वाचवलंत."

"पिनीत होतं ते मी लिहिलं. ग्रीसचंही लिहिलंय. वाचलंत ना?"

त्याने मान खाली घातली. "वाचलं. खरं आहे ते."

"मग बसा. चहा घ्या."

अहवालाच्या शिफारशीवरून तसल्या सगळ्या विमानांच्या पिना काढून यंत्राने तपासल्या गेल्या. एक्केचाळीस विमानं. दोन पिनांत भेगा निघाल्या. त्यातलं एक विमान त्याच दुपारी प्रवासी भरून निघायचं होतं. हे कळवणारं पत्र साहेबांनी प्रयोगशाळेत येऊन, उभं राहून वाचून दाखवलं. आत्याने विचारलं, "त्या दोन पिना मला बघायला मिळतील का?"

संध्याकाळी घरी तिने हे बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, सांगितलं, तेव्हा तिचा आवाज कापरा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. बाबा ताडकन उठले आणि शेजारीपाजारी सांगायला धावत सुटले.

"अरे, चप्पल तरी घाल!" आत्या मागून ओरडली.