दारात पांढरा घोडा

संगीताबाईंचं बूड कधी एका जागी टिकलं नाही. तेलगावच्या शाळेत पोरांच्या मनातलं ऐकून घ्यायला नेमलेली ही बाई. पोरांपुढं तेवढी गप बसायची, एरवी चहासुद्धा अंगणात फेऱ्या मारत प्यायची. त्या आठवड्यात तर शेजारच्या दगडाबाईनं कुडावरून विचारलंच, "बाई, भिंगरी पायात हाय का डोक्यात?"

कारण तसंच झालं होतं. दर महिन्याला अंबाजोगाईत शाळा-समुपदेशकांच्या संघटनेची बैठक भरते. गावाला वाटायचं, संघटना म्हणजे मोर्चा, गेलाबाजार उपोषण तरी. पण तिथं अडलेलं प्रकरण मांडायचं अन् बाकीच्यांनी वाट सुचवायची, एवढंच. मुलाचं नाव मात्र घ्यायचं नाही.

बाईंनी नियम पाळला. नुसतं म्हणाल्या, दहावीची पोरगी. पेपर पुढं आला की हात कापतात, कोरा देऊन येते. आजोबा बाजार समितीवर, नातीच्या डॉक्टरकीचे पेढे आत्ताच वाटून मोकळे. दारात पांढरा घोडा.

आता दारात पांढरा घोडा म्हटल्यावर नाव घ्यायचं राहिलं काय? बैठकीतले भागवत सर त्या आजोबांच्या, म्हणजे मोहनरावांच्या, साडूचे पुतणे निघाले. बाईंच्या एसटीआधी बातमी तेलगावात पोचली.

स्टँडवरच मोहनराव उभे. "बाई, माझी नात येडी हाय का? कावून तिच्यावर अंबाजोगाईत सभा भरवली?"

घरी येऊन बाईंनी संघटनेच्या अध्यक्ष वनमालाताईंना फोन लावला.

"भागवतला आम्ही जाब विचारतो," ताई म्हणाल्या. "आजोबांना उद्या येऊन मी भेटते. पण त्या पोरीला, सायलीला, तूच सांगायचं. दुसऱ्याकडून कळायच्या आत."

"ताई, मग ती परत येणारच नाही हो. परीक्षा तोंडावर आलीय."

"न येऊ दे. तरी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी ताई मोहनरावांच्या ओसरीवर बसल्या. "चूक आमच्या माणसांची आहे, पोरीची नाही. तिला काही विचारू नका," असं तोंडावर सांगून आल्या. मोहनराव मिशी चावत राहिले, पण मोर्चाच्या धाकानं का होईना, गप बसले.

इकडं बाईंनी सायलीला सगळं सांगितलं. पोरीनं दप्तर उचललं.

"मॅडम, घोडा सांगायची काय गरज व्हती?"

अन् गेली.

त्यानंतर बाईंनी शाळेचा व्हरांडा इतका तुडवला, की झाडणाऱ्या मुंजाजीचं काम वाचलं. सायली लांबून दिसायची अन् वळून जायची. परीक्षा जवळ येत चालली.

एका दुपारी दार वाजलं.

"मॅडम, पुढल्या बैठकीत मला पोरगं करा. गाव तलवाडा सांगा. दारात घोडा न्हाई, म्हैस."

"काळी का?"

"लई काळी," म्हणत सायली खुर्चीवर बसली. हात कापतच होते. बाईंनी फेरी अर्धी सोडली अन् तिच्यासमोर बसल्या.