पुस्तक नव्हे, माणूस

माझे वडील, अण्णा, गेले त्या दिवशी मी दिल्लीत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. आईचा फोन आला. मी पुस्तकं काउंटरवर दिली आणि स्टेशनवर गेले. सोलापूरला उतरून वळसंगला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

जुन्या बाजारपेठांच्या इतिहासावर माझी पीएच.डी. चालली होती. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. पहिल्या वर्षी अण्णांनी फोनवर विचारलं होतं, "गाईड मिळालं का?"

"मिळाले."

"मिळाले काय? मिळालं म्हण की. कुठल्या प्रकाशनाचं हाय?"

शाळेत असताना दर जूनमध्ये ते मला गाईड आणून द्यायचे. मी सांगितलं, "अण्णा, पुस्तक नव्हे, माणूस आहे. सर आहेत."

ते म्हणाले, "म्हंजे पाठीमागं उत्तरं छापलेली नसणार. अवघड हाय की पोरी."

पुढे संध्याकाळी रानातून आले की फोन करायचे आणि सरांचा उल्लेख "तुझं ते बोलणारं गाईड" असाच करायचे. किती लिहून झालं ते विचारायचे. मी काहीतरी सांगायचे. बरेचदा ते खरं नसायचं, कारण लिहून होत नव्हतं. इतक्या वर्षांत मी थकले होते. मोठमोठ्या झाडांखालच्या त्या जुन्या इमारतींत सगळेच थकलेले दिसत, पण कुणी बोलत नसे.

तेरावा झाल्यावर सरांचा फोन आला. मुदत वाढवून मिळेल, पण परत यावं लागेल, म्हणाले. मी आईला म्हटलं, "मी नाही जात. तू एकटी कशी राहशील?"

आई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मी ऱ्हाईन की. शेजारपाजार हाय, शेरडं हायती. तुला लिहू वाटंना, व्हय? मग तसं सांग. माझ्या नावावर घालू नकोस."

तिनं पाखडणं चालूच ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "तिकीट काढलंस तर आधी सांग. शेंगाची चटणी करायची हाय."

मी परत आले. वसतिगृहाची खोली तीच मिळाली. सकाळी ग्रंथालयात जाते, काल लिहिलेलं वाचते, त्यातलं निम्मं खोडते, थोडं पुढे लिहिते. मन लागत नाही, तरी बसते. संध्याकाळी आता मीच फोन करते. आईला बाजारपेठांशी काही देणंघेणं नाही. जेवलीस का विचारते आणि ठेवते.

प्रकरणाची चार पानं झाली आहेत. बाकीचं लिहायचं आहे.