दुसऱ्या अल्बमला कूलर नव्हता

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बुटीबोरीला कारखान्यात होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी हातातलं काम शेजारच्या बाईंकडे सोपवलं आणि निघाले. दादाचं हृदय झोपेतच थांबलं होतं. भेटायला येणाऱ्यांत निम्मे लोक त्याचे जुने चाहते होते, आणि प्रत्येकजण हळू आवाजात तेच म्हणायचा, दुसऱ्या अल्बमनं माणूस खचला हो... एका पत्रकारानं तर मला सरळच विचारलं. "उद्या सांगते," म्हणून मी त्याला वाटेला लावलं. खरं म्हणजे मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं मला त्याच्या जाण्याइतकंच टोचत होतं.

दादा 'भर दुपार' या बँडचा गायक. त्यांचा पहिला अल्बम इतवारीत, आमच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत रेकॉर्ड झाला, तोही ऐन मे महिन्यात. कूलर बंद केला तर चौघांपैकी एकही तिथे बसू शकला नसता, म्हणून तो चालूच ठेवला. त्याची घरघर प्रत्येक गाण्याखाली आली. दादाला वाटलं, सगळं वाया गेलं. पण लोकांना तेच आवडलं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतली मुलं त्या कॅसेटपायी वेडी झाली. मग मुंबईच्या एका कंपनीनं बोलावलं आणि दुसरा अल्बम तिथल्या थंडगार, बंद स्टुडिओत झाला. सूर स्वच्छ, शब्द स्पष्ट, आणि ऐकणारा पहिल्या गाण्यातच जांभई देणार. समोरचा कापडवाला दादाला दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला, "काय गा, तुमची दुपार मुंबईले जाऊन झोपली काय?" दादा हसला. आम्ही घरचे मात्र हसलो नाही. वर्षभरात बँड मोडला, दादा दुकानात बसायला लागला, आणि त्याच्यासमोर त्या अल्बमचं नाव काढायचं नाही, असं घरात न बोलता ठरून गेलं. आई तर रेडिओवर बँडचं कुठलंही गाणं लागलं की उठून बटण फिरवायची. दादाही कधी विषय काढायचा नाही. आम्हाला वाटलं, जखम अजून ओली आहे.

मागच्या आठवड्यात ऊन तापलं, तेव्हा वहिनीकडे कूलर लावून द्यायला गेले. दरवर्षी दादाच लावायचा. बाजूच्या गवताच्या जुन्या ताट्या काढल्या, नव्या बसवल्या, टाकी भरली, पंप सुरू केला. हात पुसत म्हटलं, "चला, झालं."

"थांबा, झालं नाही अजून," वहिनी म्हणाली. तिनं कपाटातून टेपरेकॉर्डर काढला आणि दुसऱ्या अल्बमची कॅसेट घातली. मी बघतच राहिले.

"कूलर लागला का पयले हीच कॅसेट लावत होते," ती म्हणाली. "मले म्हणत, 'ऐक वं, आता झाला हा पुरा.' अन् पोट धरून हसत."

"वाईट नाही वाटायचं त्याला?"

"वाटलं असन एखादा उन्हाळा. मंग काहून वाटन? गाणी तर त्याइचीच हायेत."

"मग आम्हाला कधी बोलला का नाही?"

"तुमीच कोणी नाव काढत नव्हते, ताई. यांले वाटे, तुमालेच लय दुःख झालं हाये... म्हणून हेच जपून राहत."

मी खाली बसले. इतकी वर्षं एका घरातली माणसं एकमेकांना जपत राहिली, आणि ज्याच्यासाठी जपलं तो इथे, या खोलीत, पोट धरून हसत होता. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसूच. तिथूनच त्या पत्रकाराला फोन लावला. "नाही, खचला नव्हता," म्हटलं आणि ठेवून दिला.

कूलरच्या घरघरीत दादाचा आवाज खरंच बरा लागत होता. कॅसेटची एक बाजू संपली, वहिनीनं उलटून घातली. तीही संपेपर्यंत टाकीतलं पाणी खाली गेलं होतं. मी उठून बादली भरायला गेले.