अण्णांची तीन सेलची बॅटरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगायचं आहे ते एका वाक्याचं, पण तिथवर पोचायला आधी माझे सासरे सांगायला हवेत, कारण त्यांच्याइतका सावध माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल. देवासला घरी-दारी सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पीथमपुरच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी विजेच्या कामात काढली, आणि निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने, आपल्यामागे कारखाना जळतो की काय, या काळजीत. घरचा पंखा लावायचा तरी आधी "लावतोय हं" असं घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना मांडवाच्या वायरीचा एक जोड उघडा दिसला. अण्णांनी भटजींना हातानं थांबवलं, स्टुलावर चढून जोडाला पट्टी गुंडाळली, मग खाली उतरून म्हणाले, "हं, चालू द्या." आमचा मुहूर्त चार मिनिटांनी टळला. भांडण झालं की वंदना अजून ती चार मिनिटं काढते.

आणि त्यांची बॅटरी. पितळी, लांबलचक, तीन सेलची, मनगटात अडकवायला सुतळी. ती दिवसाढवळ्या त्यांच्याबरोबर असे. भाजीवाल्याच्या वांग्यांची भोकं ते तिच्या उजेडात तपासत, समोसा फोडून आत पाहत, आणि एकदा तर जागा आहे की पेंगतोय हे बघायला बसच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत त्यांनी तिचा झोत मारला होता. झोपण्यापूर्वी तिन्ही सेल काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, खिडकीत ओळीनं मांडायचे, सकाळी पुन्हा भरायचे. "आत राहिला की सेलला पाणी सुटतं, जावईबापू. माणसाचंही तसंच आहे, पण माणूस बाहेर काढून ठेवता येत नाही." या बॅटरीची खरी गरज पडलेली मात्र आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती, आणि घरातला तो कायमचा विनोद होता.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही गाडी काढून निघालो. देवासहून अण्णा आणि माझा मेहुणा बंटी आले, धारला मी आणि वंदना चढलो. गंधवानीच्या पुढे डोंगरात जमिनीखाली उतरत जाणाऱ्या जुन्या गुहा आहेत, त्या बघायच्या होत्या. वाटेत गंधवानीला पोहे खायला थांबलो. मला खोकला झाला होता. अण्णांनी माझी हनुवटी धरली, बॅटरी लावली आणि भर हॉटेलात म्हणाले, "आ करा." मी केला. शेजारच्या बाकावरचा एक ट्रकवाला म्हणाला, "डाक्साब, म्हारा दाँत बी देखी लो." सगळं हॉटेल हसलं, सगळ्यांत जास्त वंदना. हसणाऱ्यांत एक जण माझा जुना विद्यार्थी होता. धारच्या शाळेत मी मुख्याध्यापक आहे, माझ्यासमोर हसायची पोरांची टाप नसते. मीही हसलो. पण आतून इतका चिडलो होतो की सगळ्यांदेखत सेल काढून, पुसून, पुन्हा भरून अण्णा हात धुवायला गेले तेव्हा मी टेबलावरची बॅटरी उचलली, मागचं झाकण फिरवलं, शेवटचा सेल काढला आणि उलटा घातला. दहा सेकंदांचं काम. बंटी चहाचे पैसे देत होता, वंदना गाडीकडे गेली होती. एकदा लागायची नाही, अण्णा गडबडतील, मग मीच ती उघडून सगळ्यांना हसवीन. एवढंच मनात होतं.

गुहेच्या तोंडाशी चौकीदार म्हणाला, "दादा, आज भीतर लाइट नी हे. मोबाइल चालू कर लो." अण्णांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. हा माणूस जन्मभर हेच ऐकायला थांबला होता. आम्ही मोबाइलचे उजेड लावून वळणापर्यंत आत गेलो, तिथे त्यांनी आम्हाला थांबवलं. "बंद करा ते काजवे. आता बघा उजेड कसा असतो. माझ्या मागून या, पायरी मी सांगतो." आम्ही मोबाइल बंद केले. बोलायला मला तेवढा वेळ होता. चांगला दोन श्वासांचा वेळ होता. मी गंमत येण्याची वाट पाहत उभा राहिलो. खटका वाजला, काचेमागे बिडीच्या टोकाएवढं लाल काहीतरी दिसलं, आणि तोवर त्यांचं पाऊल पुढे पडलं होतं. अण्णा ओरडले नाहीत. बॅटरी मात्र पायऱ्यांवरून बराच वेळ वाजत खाली गेली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना बाहेर आणून सावलीत निजवलं, गाडी जवळ आणली. तेवढ्यात बंटीनं खालून आणलेली बॅटरी उघडली. "जीजाजी, देखो तो. अण्णांनी सेल उलटा टाकला." वंदनानं ती हातात घेतली आणि तिला रडू फुटलं. पायासाठी नव्हे, त्या सेलसाठी. मी म्हणालो, "वय झालं की होतं असं."

ते वाक्य माझं आहे. त्याआधी त्या घरात कुणी ते म्हटलेलं नव्हतं.

इंदुरात ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वॉकर धरून अण्णा चालूही लागले. पण बंटीनं स्कूटरची चावी काढून घेतली, सून त्यांना गॅसपाशी जाऊ देईना, गल्लीतल्या कुणाचा फ्यूज उडाला तर लोक दुसऱ्याला बोलावू लागले. मला वाटलं होतं अण्णा भांडतील. ते भांडले नाहीत. टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल घालायचे असले तरी माझ्यापुढे धरून विचारायला लागले, "हे असंच ना, जावईबापू?" डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, डोकं उत्तम आहे. अण्णा गाडीत बसल्यावर हसले. "डॉक्टरला काय माहीत, सेल कुणी घातला होता ते." मी गिअर टाकला. जावई माणूस, त्या घरात माझ्यावर संशय घ्यायची कुणाला रीतच ठाऊक नाही.

गेल्या दिवाळीत त्यांनी बॅटरी माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडे राहू द्या. माझ्या हाताचा आता भरवसा नाही." ती धारला माझ्या कपाटात आहे. झोपण्यापूर्वी मी तिचे सेल काढून पुसून ठेवतो. कुणासाठी, ते विचारू नका.

हे मराठीत लिहितोय, त्यातही माझी लबाडी आहे. बंटी हिंदी शाळेत शिकला, मराठी पान दिसलं की बाजूला ठेवतो. वंदनाचंही तेच. त्या घरात मराठी वाचणारे एकटे अण्णा, आणि त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणजे हे मलाच वाचून दाखवावं लागणार.

परवाच्या रविवारी गेलो होतो. अण्णा खिडकीशी बसले होते. जिथे सेल मांडायचे तिथे त्यांचा हात सहज पडला होता, आणि बोटं थोडं अंतर ठेवून लाकडावर तीनदा टेकली. मला पाहून त्यांनी हात मांडीवर घेतला. "खोकला कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. चहा झाला, मी निघून आलो.

बंटी आणि वंदना समोर असताना मला अण्णांना एक वाक्य द्यायचं आहे: तो सेल मी उलटा घातला होता. ते अजून दिलेलं नाही.