बारावं नाव

गुजरातेत, कतारगामच्या आमच्या गल्लीत वाल्मिक दगडावर अक्षरं कोरायचा. मूळचा शिरपूरकडचा. माणूस तुसडा, पण हात असा की गुजराती आणि मराठी दोन्ही लिपी सारख्याच देखण्या. त्याची एक खोड होती. मेलेल्या माणसाचं नाव कोरायचं तर आधी त्याला मोठ्यानं हाक मारायची आणि 'ओ' आली तरच छिन्नी लावायची. बापानं तसं शिकवलं होतं म्हणे. मी, नूतन, शेजारी शिवणकाम करायची. मला ते निव्वळ ढोंग वाटे आणि मी त्याच्या तोंडावर म्हणे, "कामचुकारपणाला बरं निमित्त सापडलंय!"

सत्त्याण्णव साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. चलथाणच्या पुढच्या एका गावाला बेचाळीसच्या लढ्यातल्या माणसांच्या स्मारकासाठी सरकारी अनुदान मिळालं. अट एकच, आणि ती मला फार आवडली होती. यादी ग्रामसभेत वाचायची. कुणीही हरकत घ्यावी, कुणीही नाव सुचवावं. वाल्मिकची आई अनुसयाबाई तिथे जाऊन उभी राहिली. तिचा बाप सुकदेव त्या गावात बैलगाडी हाकायचा. झेंडा घेऊन निघालेल्या मोर्चात गेला तो परतलाच नाही. ती तेव्हा पाच वर्षांची होती. हाताशी कागद एकही नव्हता. तरी परक्या मुलखातल्या म्हातारीच्या शब्दावर अख्ख्या गावानं हात वर केले. "गावनी मना बापले मान दिधा," म्हणत ती दोन दिवस रडत होती.

दगडाचं काम वाल्मिकलाच मिळालं. गल्लीतल्या यंत्रमागांची वीज ज्या वारी बंद असायची, तो वार त्यानं धरला. एरवी गल्लीत स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही, त्या दुपारी मात्र शांततेनं कान दुखत होते. तो नाव घ्यायचा, थांबायचा, मग कोरायला लागायचा. चौथ्या नावाला मी पाणी घेऊन गेले आणि अगदी माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "ओ."

वळून पाहिलं तर गल्लीत कुत्रंही नव्हतं. तांब्या हातातून सुटला. वाल्मिकनं मान वर केली नाही. घाबरले, खोटं कशाला सांगू? पण तिथेच उभी राहिले. अकराव्या नावापर्यंत प्रत्येकाला वेगळा आवाज आला. एक तर मिसरूडही न फुटलेल्या पोराचा होता.

बारावं नाव त्याच्या आजोबांचं. "सुकदेव!" काही नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा. आधीचे अकराजण तिथेच उभे आहेत आणि आता कोण बोलतंय म्हणून वाट बघताहेत, असं मला वाटलं.

"कोर की," मी म्हणाले. "गावानं हात वर केलेत."

"गावानं माझ्या आईचं ऐकून हात वर केले. मला जे ऐकू आलं नाही, ते मी कसं कोरू?"

त्यानं छिन्नी ठेवली आणि बारावी ओळ कोरीच राहील असा सरपंचांना निरोप धाडला. आईला मात्र काही सांगितलं नाही. तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं.

अनावरण झालं. अनुसयाबाईला वाचता येत नव्हतं. गर्दी पांगल्यावर तिनं लेकाचं मनगट धरलं. "मना बापनं नाव कोठे शे? बोट ठेव मनं."

कुठल्याही नावावर बोट ठेवलं असतं तरी म्हातारीला कळलं नसतं. मी तर तेच केलं असतं. वाल्मिकनं तिचं बोट कोऱ्या जागेवर नेलं. "आठे नही शे, माय. त्यास्नी ओ दिधी नही."

ती आता कोसळेल म्हणून मी पुढे झाले. ती कोसळली नाही. दगडावरचं बोट तिनं हळूच काढलं आणि पदराला पुसत राहिली. त्यांच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात.

"दर आखाजीले मी बापना नावनी आगारी टाकस," ती म्हणाली. "नाव लिसन हाक मारस. दरसाल दारमाईन 'ओ' येस."

तिनं लेकाचं मनगट पुन्हा धरलं.

"मंग तो कोन शे, वाल्मिक?"