गोवराची पाठवणी

आमच्या उपकेंद्राला सरकारकडून दुधाची पावडर यायची, पोत्यांनी. लेकरांना पाजायची म्हणून. गावाने आधी त्या पावडरीने भिंती सारवल्या. त्या भिंती चाटायला पार बालाघाटाहून गाई चालत यायच्या, आणि एका घराची पूर्वेकडची भिंत तर गाईंनी चाटून चाटून इतकी पातळ केली की आतल्या चुलीचा जाळ बाहेरच्या रस्त्यावरून दिसायचा. शपथेवर सांगते. म्हणजे, शपथ तेवढी घ्यायला लावू नका.

मी तिथे नर्स होते. राजेगावच्या अलीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं गाव. मध्य प्रदेश नव्याने झाला त्याला काही वर्षंच झाली होती. कचेरीतले कागद हिंदीत, सोयरे गोंदिया-भंडाऱ्याकडचे आणि भांडणं अस्सल मराठीत, असा कारभार. माझं काम पोटुशा बायका तपासायचं, बाळंतपणं करायचं आणि लेकरांच्या आयांना शिकवायचं. बाळंत झाल्यावरचं चिकाचं दूध पिळून फेकू नका. हगवण लागली तर लेकराचं पाणी तोडू नका. दात यायची वाट न पाहता मऊ भात, वरणाचं पाणी सुरू करा. सरळ सांगितलं की बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन सासू सांगेल तेच करायच्या. मग मी सरळ सांगणं सोडलं.

मी सांगायची, एका लेकराने चीक प्याला, तर बारशाच्या दिवशी ते पाळण्यातून उतरलं आणि कोंडवाड्यातली बैलजोडी सोडवून घेऊन आलं. दुसऱ्याचं आईने पाणी तोडलं, तर ते इतकं वाळलं की वाऱ्याने उडून तिरोडीच्या खाणीत पडलं आणि मुकादमाने त्याला दगड वेचायला बसवलं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसलेली गोष्ट घरी जाते आणि सासूच्याही कानावर पडते, हे माझं शास्त्र. बालाघाटच्या डॉक्टरसाहेबांना ते पटत नसे. "सिस्टर, आप वहाँ सुई लगाने जाती हैं कि किस्से सुनाने?" ते विचारायचे. मी म्हणायची, "साहेब, किस्सा आधी टोचावा लागतो."

एका सुनेने मात्र माझा शब्द न् शब्द पाळला. तिची मुलगी माझ्याच हातावर झाली. चीक पाजला, पाणी तोडलं नाही, वरणभात चारला, आणि पोरगी अशी फुगली की आठवडी बाजारात लोक तिला उचलून वजनाचा अंदाज करायचे. मी तिला कडेवर घेऊन घरोघर फिरायची. दुसरं काही बोलायचीच गरज नसे. ही बघा, एवढंच.

त्या सुनेचा सासरा म्हणजे पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा थापाड्या. माझं आणि त्याचं लगेच जमलं.

"बाई, तुमचं पोरगं खानीत उडून गेलं ना? मी लहान असतानी वैनगंगेले पूर आलता. मी एका भोपळ्यावर बसून निंगालो, नागपूरले मामाच्या घरी गेलो, अन् जेवाले उलट्या धारेनं वापस आलतो."

"भोपळा?"

"त्याची भाजी केली मामीनं. मनून तं वापस येतानी पोहत आलो."

फाल्गुनात गोवर आला. दारांवर कडुनिंबाचे डहाळे लागू लागले. गोवर म्हणजे त्यांच्या लेखी आजार नव्हता, माय, म्हणजे देवी, घरी आली होती. माय आहे तोवर घरात फोडणी नाही, तळण नाही, लेकराच्या आईने केस विंचरायचे नाहीत, परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. आणि औषध नाही. सुई तर नाहीच नाही. मायच्या अंगात कोण सुई खुपसणार? नऊ दिवस भरले की लेकराला निंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची, शिवेवरच्या मातेच्या ओट्यावर दहीभात ठेवायचा, नारळ फोडायचा आणि मायला वाटे लावायचं. ही पाठवणी. तिच्यानंतर तुम्ही काहीही टोचा.

त्या थापाड्याच्या दारालाही डहाळा लागला, आणि मागच्या कुंपणाशी सून उभी राहिलेली मला दिसली. विस्कटलेले केस, तोंड उतरलेलं.

"बाई, पोट उडून राह्यलं तिचं. कन्हते. दूध ओढत नाई."

गोवराच्या मागून फुप्फुस धरलं होतं. पेनिसिलीन माझ्या पेटीत होतं. ते आजच्या आज द्यायला हवं होतं. मी घराला वळसा घालून पुढे गेले. दारात सासरा खाट टाकून बसला होता, राखणीला.

"बाबाजी, पोरगी धापते. सुई देऊ द्या."

"माय घरात हाय बाई." त्याच्या आवाजात भोपळा नव्हता.

"मग मायले लवकर पाठवा ना."

"अन् तिले कोन सांगन, जा मनून? तुम्ही?"

मी चपला काढल्या आणि त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसले. मला येत होतं तेच मी केलं.

"बाबाजी, परवा तिरोडीच्या ठेसनावर मले एक बाई भेटली. लाल लुगडं, कपाळभर कुंकू, घामाघूम. मनते, या साली एवढी घरं घेतली अन् लोक सोडतच नाईत. एकेका घरी नऊ नऊ दिवस बसून राह्यलो तं पुढची गावं कवा करू? मले घाई हाय, पन आपल्या तोंडानं जातो कशी मनू?"

तो ऐकत राहिला. मग त्याच्या मिशा हलल्या. "तिकीट काढलं होतं का तिनं?"

"टीसीची छाती हाय का तिले तिकीट मांगाची?"

तो इतका हसला की खाटेची दोरी करकरली. डोळे पुसले, आत बघितलं, पुन्हा हसला. "घाई हाय मनते. हौ. असनच घाई." मग म्हणाला, "आज नाई. आज दिवस चांगला नाई. उद्या करतो पाठवनी. पन रीतीनं."

"रीतीनं करा. फक्त आंघोळ नको. मी आल्यावर कोमट पाण्यात फडकं बुडवून पुसू. गार पानी तिच्या आंगावर नको, बाबाजी."

"हौ हौ. तुम्ही या तं खऱ्या."

उंबऱ्यापलीकडून मला पोरीचं तोंड तेवढं दिसलं. नाकपुड्या फुलत होत्या. ज्या गालांवरून मी अख्खं गाव शिकवत होते ते गाल पुरळाने काळवंडले होते. सून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर आशा होती. मला तेव्हा ती आशा आवडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुई-पिचकारी उकळून मी निघाले. शिवेवर ओट्याजवळ फुटलेला नारळ पडलेला दिसला आणि मी जवळजवळ पळतच सुटले. घरी पोचले तर अंगण सारवलेलं, डहाळा काढून टाकलेला, सासरा नवं धोतर नेसून दारात. सणासारखा चेहरा.

"या बाई, या. सारं आटोपलं. तुम्ही दुरून येता, तुमाले थांबा नको लागे मनून अंधारातच उरकलं. फडक्यानं पुसून माय निंगन का? नवं मडकं आनलं, निंबाचा पाला टाकून रातभर आंगनात ठेवलं. चांगली न्हाऊ घातली पोरीले. ओट्यावर डोकं टेकवून आनलं. आता टोचा, हरकत नाई."

माझ्यासाठी त्याने घाई केली होती. हे त्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं.

पोरगी आईच्या मांडीवर होती. ओठ जांभळे, पाय गार. सासऱ्याने स्वतः तिची मांडी धरली, इतकी हलकेच, जणू पाखरू धरलंय. मी सुई दिली. ती रडली नाही. दंडावर टोचलं तर शेजारच्या गल्लीला कळावं अशी रडणारी पोर, ती नुसती बघत राहिली. तिला गोधडीत गुंडाळून आईच्या उघड्या छातीशी लावली, आणि सासऱ्याने बंडी जुंपली, राजेगावच्या रस्त्याला लागून बालाघाटच्या दवाखान्यासाठी मोटार धरायची म्हणून. बैल त्याने असे हाकले की चाकं जमिनीला टेकत नव्हती. ही थाप नाही. रस्ता दिसायच्या आधीच सुनेने गोधडी उघडली, बघितलं आणि पुन्हा झाकली. सासऱ्याला कळायला बराच वेळ लागला.

मला वाटलं, ते मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माती देऊन आल्यावर त्याने मला चहा पाजला.

"तुमची काई चूक नाई बाई. मायले घाईच होती. तुमालेच तं सांगतलं तिनं ठेसनावर. पोरगी आवडली, घेऊन गेली संगं."

"बाबाजी, ठेसनावर कोणी नव्हतं. मी बनवून सांगितलं होतं. तुमच्या भोपळ्यासारखं."

त्याने माझ्याकडे बघितलं, कीव आल्यासारखं. "काहून लपवता आता?"

आठवड्याभरात ती गोष्ट सगळ्या गावात पोचली. माझ्या चिकाच्या आणि खाणीच्या गोष्टी कधी इतक्या जोरात गेल्या नव्हत्या. नर्सबाईला माय भेटली होती. मायला घाई होती. लवकर पाठवली तर ती रिकाम्या हाताने जात नाही. म्हणून ज्यांच्या घरी गोवर होता त्यांनी दिवस वाढवले. नवाचे अकरा, अकराचे आणखी. मी घरोघर सांगत फिरले की ते खोटं होतं, मी खोटारडी आहे, कोणालाही विचारा. बायका ऐकायच्या, माना डोलवायच्या. हसत मात्र कोणी नव्हतं.

महिना सरता सरता त्या सुनेच्या धाकट्या जावेच्या घरी डहाळा लागला. जाऊ वेगळी राहायची, तिचं लेकरू तान्हं होतं. मी गेले तेव्हा सून तिच्याजवळ आत बसलेली होती. मला बघून तिने पदर नीट केला आणि जावेला हळूच म्हणाली, माझ्यापासून लपवायचं काही नसल्यासारखं:

"बाईले आत नको घेऊ. बाई लय चांगली हाय. पन मायची अन् तिची वळख हाय."

जाऊ दाराशी आली, मला पाट दिला, पाण्याचा गडवा ठेवला आणि परत आत गेली. आत लेकरू धापत होतं. बाहेर ऐकू येत होतं. पेटी मांडीवर घेऊन मी पायरीवर बसून राहिले. कोणी जा म्हटलं नाही, कोणी आत ये म्हटलं नाही.