गुलाबीची हाडं

आईला मातीत ठेवलं तेव्हापासून वर्षभर मी प्रार्थनेत फक्त ओठ हलवले. शिरूरच्या कॉलेजात मी बी.एस्सी. करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. मेलेल्या शरीराचं काय होतं हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहूनही झालं आहे. त्यामुळे 'आई पुन्हा उठेल' असं कुणी म्हटलं की मी खाली बघायचे. नाताळलासुद्धा घरी गेले नाही. अभ्यास आहे असं सांगितलं. ते खोटं होतं. आई नसलेलं घर मला बघायचं नव्हतं.

घर यवतजवळ आहे. वडील हायवेच्या ढाब्यावर भट्टी सांभाळतात. धाकटी बहीण रूथ सात वर्षांची. आजारी पडण्याआधी आईने तिला बाजारातून एक रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू घेऊन दिलं होतं, अगदी गुलाबी. असली पिल्लं चार दिवसांत मरतात. हे जगलं आणि आई गेली. दफनाच्या दिवशी ते रूथच्या फ्रॉकच्या खिशातून डोकं काढून बघत होतं, तेवढंच मला आठवत होतं. पुढे फोनवर रूथ सांगायची, "ताई, गुलाबी लई मोठी झाली. हातावरचं दाणं खाती." मी नुसतं हं हं करायचे.

वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी घरी आईच्या स्मरणाची उपासना ठेवली होती. सकाळच्या एसटीने मी पोहोचले. दौंडहून आत्या स्वयंपाकाला आली होती. चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळी जेवणार म्हणजे कोंबडीचा रस्सा आलाच. वडील सतरंज्या आणायला गेले होते, रूथ शाळेत होती. दारात चार कोंबड्या फिरत होत्या.

आत्याने विचारलं, "कंची धरू गं?"

"ती पांढरी," मी म्हणाले. "तीच भरलेली दिसतेय."

ती पळालीसुद्धा नाही. आत्या हसली, "आगं, ही तर सोताहून हातात आली की!"

वाढताना पिसं बदलतात आणि लावलेला रंग त्यांच्याबरोबर निघून जातो, हे जीवशास्त्र शिकणाऱ्या मला सुचलं नाही.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी बायबलातल्या कोरड्या हाडांच्या दरीवर संदेश दिला. हाडाला हाड जुळलं, त्यावर मांस चढलं, देवाने श्वास घातला. रूथ पुढे बसून तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मी घड्याळ बघत होते.

मग पंगत बसली. रूथ आपल्या कोंबडीला भाकरीचा तुकडा द्यायला मागच्या दारी गेली आणि मूठ आवळून परत आली. मुठीत लाल दोरा होता. आईच्या साडीच्या काठाचा तो दोरा तिने गुलाबीच्या पायाला बांधला होता; सकाळी मी पायाकडे पाहिलंच नव्हतं. आता तो तिला उकिरड्यावर पांढऱ्या पिसांत सापडला होता.

"माझी गुलाबी कुणी कापली?"

वडिलांचा घास हातातच राहिला. आत्या माझ्याकडे बघू लागली. माझ्या ताटात तंगडीचं हाड होतं, टोकाला चावून मऊ केलेलं.

"मी सांगितलं कापायला," मी म्हणाले. "मला ओळखू आली नाही गं."

ती रडली नाही. आतून चपलांचा रिकामा खोका घेऊन आली आणि पहिल्या ताटासमोर उभी राहिली. "हाडं द्या. देवाला जुळवायला लागत्यात."

पंगत हसली. एक मामा म्हणाले, "आता पोटात गेलीय पोरी, आमच्यासंगंच उठंल ती!" पुन्हा हशा. पाळकसाहेबही हसले. आईच्या नावाने जेवायला बसलेली ही माणसं, आणि त्यांच्यात मीही. त्या क्षणी देवाबद्दल मला जे वाटलं ते लिहवत नाही.

पंगतीच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. पाळकसाहेबांबरोबर आली असेल असं आम्हाला वाटलं, त्यांना ती आमच्या नात्यातली वाटली. तिने ताटातली हाडं उचलली, पाण्याने धुतली, पदराने पुसली आणि खोक्यात ठेवली. "घे माय. बारकं बी घे, मानंचं हाय. एक बी मागं ऱ्हायला नको."

हसणं थांबलं. मग वडिलांनी आपली हाडं धुतली. मग आत्याने, मग त्याच मामांनी. ताटामागून ताट खोका फिरला. शेवटी रूथ माझ्यासमोर आली. ते चावलेलं हाड मी धुवून ठेवलं. तिने ते टोक बोटाने चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कधी विसरता येणार नाही.

म्हातारी कधी उठून गेली कळलं नाही. हायवेला गाड्या थांबतात, कुणीही उतरतं. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. पण ती पंगतीला बसली नसती तर माझी बहीण त्या हशातून आयुष्यभर बाहेर आली नसती, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोका आईच्या कबरीच्या पायथ्याशी पुरला. रूथने वर तीन मुठी माती टाकली, मोठ्यांच्या दफनात टाकतात तशी. प्रार्थना कर म्हणाली. मी पुन्हा नुसते ओठ हलवले. तेव्हा तिनेच सांगितलं, "ती उठली की पयलं तू तिच्याकडं जायचं. तूच सांगायचं तिला, मला म्हाईत नव्हतं म्हणून."

"सांगेन," मी म्हणाले.

मला आईलाही काही सांगायचं आहे. तिच्या शेवटच्या फोनला मी 'प्रॅक्टिकल चालू आहे, नंतर करते' असं म्हणाले होते. तो 'नंतर' आलाच नाही.

रूथ अजून माझ्याशी धड बोलत नाही. हाडं कशी जुळतील हे मला आजही माहीत नाही, पण ते माझं काम नाही, एवढं त्या म्हातारीच्या पदराने मला शिकवलं. आपण धुवून, पुसून देवाच्या हाती द्यायचं. आता मी रोज प्रार्थना करते, आवाज काढून. एका कोंबडीची आणि एका आईची माफी मागायची आहे, प्रभू. तेवढ्यासाठी तरी त्यांना उठव.